बारा टक्के व्याज आणि हजार वर्षांची झाडं

१९८५ साली पॅसिफिक लंबर कंपनीच्या ताळेबंदात शेअर बाजाराच्या नजरेला खुपणारी एक गोष्ट होती: कंपनीवर जवळजवळ कर्जच नव्हतं. कामगारांच्या पेन्शन फंडात देण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा साचलेला होता. सुमारे दोन लाख एकर जंगल होतं, आणि त्या जंगलात नेमकं किती लाकूड उभं आहे याची पूर्ण मोजणी कित्येक वर्षांत कुणी केली नव्हती. करायची गरजच पडली नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर, हम्बोल्ट काउंटीत १८६३ साली सुरू झालेली ही कंपनी. स्कोशिया हे तिचं गाव, आणि हे ‘तिचं’ अगदी शब्दशः घ्यायचं. घरं, दुकानं, आरागिरणी, सगळं कंपनीच्या मालकीचं. कारभार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मर्फी घराण्याकडे होता. मुलं शाळेतून निघून थेट गिरणीत जायची, आणि ज्यांना पुढे शिकायचं त्यांना कंपनी शिष्यवृत्ती द्यायची. जुन्या वळणाच्या, थोड्या सरंजामी म्हणाव्यात अशा मालकांची ही पद्धत होती. तिच्यावर भाळून जायचं कारण नाही, पण पुढचं सगळं समजायला ती माहीत असावी लागते.

जंगल रेडवूडचं. ही जगातली सर्वांत उंच वाढणारी झाडं. आज माहीत असलेलं सर्वांत उंच झाड ११५ मीटरच्या वर आहे, आणि काहींचं वय दोन हजार वर्षांपलीकडे जातं. समुद्रावरून धुकं आत येतं त्या चिंचोळ्या पट्ट्यातच हे झाड जगतं. त्याच्या गाभ्याच्या लाकडाला कीड आणि कूज सहसा लागत नाही, म्हणून बाजारात त्याला मान. मुळात सुमारे वीस लाख एकरांवर पसरलेल्या या प्राचीन जंगलापैकी आज जेमतेम पाच टक्के उरलं आहे. १९८५ मध्ये खासगी मालकीच्या प्राचीन रेडवूडचा सर्वांत मोठा साठा पॅसिफिक लंबरकडेच होता. बाकीच्यांनी आपापला केव्हाच तोडून संपवला होता.

पॅसिफिक लंबरने संपवला नाही याचं कारण १९३० च्या दशकात घेतलेला एक निर्णय. डोंगर सपाट करत जाण्याऐवजी निवडून झाडं तोडायची, काही मागे ठेवायची, आणि वर्षाची तोड जंगलाच्या वाढीच्या आसपास ठेवायची असं स्टॅनवूड मर्फी यांनी ठरवलं. वनशास्त्रात याला शाश्वत उत्पादन म्हणतात. इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मर्फींची कंपनीही प्राचीन झाडंच तोडत होती. हजार वर्षांच्या झाडाच्या जागी साठ वर्षांचं झाड आलं, तर घनफुटांचा हिशेब कधीतरी जुळेल, जंगल तेच राहणार नाही. संथपणे का होईना, गंगाजळीतूनही काढणं चालूच होतं. फरक इतकाच की त्या संथपणाच्या सावलीत कामगारांच्या दोन पिढ्या निवृत्त झाल्या आणि ओढ्यांत मासे राहिले.

१९७५ साली कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. मालकी हळूहळू घराण्याबाहेर पसरली, पण कारभार पूर्वीसारखाच चालला.

ऑक्टोबर १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या चार्ल्स ह्युर्विट्झ यांच्या मॅक्सॅम या कंपनीने शेअर विकत घेण्याची खुली ऑफर दिली. आधी ३६ डॉलर, मग ४०. संचालकांनी आधी विरोध केला, मग मान्यता दिली. व्यवहार ८० कोटी डॉलरच्या वर गेला. पैसा बहुतांशी उसना होता. ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट या वित्तसंस्थेतल्या मायकेल मिल्कन यांच्या यंत्रणेने उभ्या केलेल्या ‘जंक बाँड’मधून, म्हणजे जोखीम जास्त म्हणून व्याजही जास्त अशा रोख्यांतून तो आला होता. व्याजदर बारा टक्के आणि त्याहून वर. आणि हे कर्ज शेवटी ज्या कंपनीला विकत घेतलं तिच्याच डोक्यावर बसलं. गाय विकत घ्यायला काढलेलं कर्ज गायीनेच फेडायचं, असा हा व्यवहार.

या प्रकरणाचं सगळं मर्म पुढच्या एका हिशेबात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, जंगलाच्या एका तुकड्यात आज १०० रुपयांचं लाकूड उभं आहे. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत, चलन कुठलंही चालेल.) वयस्क जंगलात नवी भर कमी पडते. झाडं प्रचंड असतात, पण एकूण साठ्याच्या मानाने वर्षाची वाढ थोडी. ती दोन टक्के धरू. दहा वर्षांनी त्या तुकड्यात १२२ रुपयांचं लाकूड असेल. त्याच तुकड्यावर काढलेलं १०० रुपयांचं कर्ज बारा टक्क्यांनी दहा वर्षांत ३११ रुपये होतं. ही शर्यत झाड जिंकूच शकत नाही. अशा कर्जदाराच्या वहीत उभं राहिलेलं प्रत्येक झाड रोज तोटा करत असतं. तेच झाड कापून विकलं की पैसे व्याज कमी करण्याच्या कामी येतात. म्हणजे दोन टक्क्यांनी ‘काम करणारं’ भांडवल बारा टक्क्यांच्या कामाला लागतं. वित्तशास्त्राच्या भाषेत ही कार्यक्षमता झाली.

हा हिशेब नवा नाही. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ सालीच जमिनीच्या किमतीचं सूत्र मांडलं, आणि झाड किती वर्षांनी तोडावं याचा हिशेब त्यावरून निघतो. वनखात्यांच्या भाषेत हा आवर्तनकाल. लाकडाचं सरासरी वार्षिक उत्पन्न जास्तीत जास्त होईल तोवर थांबावं, असं वनशास्त्रज्ञ सांगत. फाउस्टमानच्या सूत्राप्रमाणे त्यात व्याज धरलं की तोडीचं वय अलीकडे सरकतं, आणि व्याजदर जितका चढा तितकं ते आणखी अलीकडे. पुढे अर्थशास्त्रातून निघालेला निष्कर्ष याहून कठोर आहे. एखादी जैविक संपत्ती ज्या वेगाने वाढते त्यापेक्षा मालकाचा व्याजदर बराच जास्त असेल, तर ती संपूर्ण तोडून पैसा दुसरीकडे गुंतवणं हाच मालकाच्या दृष्टीने ‘इष्टतम’ निर्णय ठरू शकतो. यात मूर्खपणा नाही, दुष्टावा असायलाच हवा असंही नाही.

म्हणून या गोष्टीत ह्युर्विट्झ यांना खलनायक करणारी मांडणी मला अपुरी वाटते. ते काही फार गोड माणूस होते अशातला भाग नाही. स्कोशियाच्या कामगारांपुढे त्यांनी ‘ज्याच्याकडे सोनं, त्याचं राज्य’ अशा अर्थाचा विनोद केला, आणि तो त्यांना आयुष्यभर चिकटला. पण त्या खुर्चीवर कुणी सज्जन बसला असता तरी हप्त्याची तारीख बदलली नसती. झाड केव्हा पडणार हे ठरवण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याकडून रोख्यांच्या वेळापत्रकाकडे गेला होता.

पुढे घडलं ते या गणिताबरहुकूम. वर्षाची तोड साधारण दुपटीवर गेली. निवडून तोडण्याची पद्धत मागे पडून सरसकट तोड परतली. सॅन फ्रान्सिस्कोतली मुख्यालयाची इमारत आणि वेल्डिंगचा जोडधंदा विकला गेला. पेन्शन योजना मोडून तिच्यातला पाच कोटी डॉलरच्या वरचा शिलकी पैसा काढून घेण्यात आला, आणि कामगारांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी एक्झिक्युटिव्ह लाइफ या विमा कंपनीकडे गेली. या कंपनीचा स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर ड्रेक्सेलच्या जंक बाँडमध्ये अडकला होता. १९९१ मध्ये ती कोसळली आणि नियामकांनी ताब्यात घेतली.

स्कोशियात मात्र सुरुवातीची वर्षं तेजीची होती. नवी भरती झाली, जादा पाळ्या लागल्या, ओव्हरटाइमचे पैसे हातात खेळू लागले. कंपनीच्या विरोधात बोलणाऱ्या पर्यावरणवाद्यांवर गावकरी चिडायचे ते उगाच नव्हे. पगार आज मिळतो, आणि गिरणीला पंधरा वर्षांनी ओंडके मिळतील का, हा प्रश्न पंधरा वर्षांनी येतो. तरीही काही कामगारांना हा वेग टिकणारा नाही हे दिसत होतं. अख्ख्या आयुष्यात पाहिली नव्हती इतकी झाडं ते एका वर्षात गिरणीत येताना पाहत होते. १९८८ च्या सुमारास त्यांच्यापैकी काहींनी कंपनी कामगारांच्याच मालकीची करण्याचा प्रयत्न केला. विकणाऱ्याला विकायची नव्हती, त्यामुळे तो बारगळला.

मग कायदा काय करत होता? कॅलिफोर्नियाचा वनकायदा १९७३ चा आणि अमेरिकेच्या मानाने कडक. प्रत्येक तोडीआधी परवानाधारक वनतज्ज्ञाने आराखडा द्यायचा, राज्याच्या वनखात्याने तो तपासायचा. अडचण आराखड्याच्या आकारात होती. एकेक तुकडा वेगळा तपासला की प्रत्येक तुकडा ठीकच दिसतो. उतार किती, ओढा किती लांब, रस्ता कुठून, सगळं नियमात. पण एकाच खोऱ्यातले असे अनेक तुकडे काही वर्षांत उघडे पडले की मातीला तुकड्यांच्या सीमा कळत नाहीत. पाऊस पूर्ण खोऱ्यावर पडतो आणि गाळ एकाच नदीत येतो. ‘एपिक’ या स्थानिक संघटनेने १९८७ पासून कोर्टात लढवलेल्या खटल्यांमध्ये हा एकत्रित परिणामाचा मुद्दा पुन्हा पुन्हा येत राहिला.

नवीन वर्ष १९९७ उजाडता उजाडता स्टॅफर्ड या छोट्या वस्तीवर डोंगर खाली आला. वरच्या उतारावर कंपनीने तोड केली होती. चिखल आणि ओंडक्यांच्या लोंढ्यात सात घरं उद्ध्वस्त झाली. त्याच डोंगरावरच्या एका प्राचीन झाडावर त्या वर्षाच्या १० डिसेंबरला ज्युलिया बटरफ्लाय हिल ही तेवीस वर्षांची मुलगी चढून बसली आणि ७३८ दिवस खाली उतरली नाही. जगाने या प्रकरणातलं बहुधा एवढंच लक्षात ठेवलं. १९९८ च्या सप्टेंबरात डेव्हिड चेन हा तरुण आंदोलक जंगलात पडत्या झाडाखाली सापडून मेला. त्याच वर्षाच्या अखेरीस नियमभंगांच्या मालिकेमुळे राज्याने कंपनीचा तोड परवाना निलंबित केला.

कंपनीला कोर्टात खऱ्या अर्थाने अडवलं ते मात्र एका समुद्रपक्ष्याने. मार्बल्ड म्युरलेट हा कबुतराहून लहान पक्षी पोट समुद्रावर भरतो, पण अंडं घालायला किनाऱ्यापासून कित्येक मैल आत प्राचीन झाडांच्या शेंड्याकडे येतो. घरटं असं नसतंच. रुंद फांदीवर साचलेल्या शेवाळाच्या गादीवर एकच अंडं. उत्तर अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञांना त्याचं झाडावरचं घरटं कित्येक दशकं सापडत नव्हतं. १९७४ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या एका उद्यानात फांद्या छाटायला झाडावर चढलेल्या कामगाराला अवचित दिसलं. शेवाळाची गादी धरेल इतकी रुंद फांदी यायला झाडाला शतकं लागतात. साठ वर्षांच्या आवर्तनात ती कधीच येत नाही. फाउस्टमानच्या सूत्रात लाकडाला भाव आहे. या फांदीला भाव नाही, कारण ती कुणी विकत घेत नाही. १९९२ मध्ये पक्षी संकटग्रस्त यादीत आला आणि १९९५ मध्ये संघीय न्यायालयाने कंपनीच्या जंगलातल्या आउल क्रीक भागातली तोड रोखली. बाजाराने शून्य धरलेली किंमत कायद्याने मागच्या दाराने वहीत आणली.

१ मार्च १९९९ ला तोडगा निघाला. हेडवॉटर्स नावाने ओळखलं जाणारं सुमारे साडेसात हजार एकर जंगल सरकारने विकत घेतलं. संघीय सरकारचे २५ कोटी आणि राज्याचे १३ कोटी डॉलर. आणखी दोन तुकडे धरून एकूण रक्कम ४८ कोटींपर्यंत गेली. साडेसात हजारांपैकी अस्पर्श प्राचीन जंगल होतं तीन हजार एकरांच्या आसपास, बाकी आधीच तोडलेलं. उरलेल्या दोन लाखांहून अधिक एकरांसाठी पन्नास वर्षांची अधिवास संवर्धन योजना ठरली: म्युरलेटसाठी राखीव पट्टे, ओढ्यांच्या काठाने तोडबंदी, कच्च्या उतारांची आधी तपासणी.

आता किमती शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९८६ मध्ये सगळी कंपनी, जंगल, गिरण्या, गाव, पेन्शनची शिल्लक, सगळं मिळून ८० कोटी डॉलरच्या पुढेमागे गेलं. तेरा वर्षांनी त्यातल्या साडेचार-पाच टक्के जमिनीसाठी जनतेच्या तिजोरीतून त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम गेली. जी झाडं न तोडण्यासाठी पूर्वी कुणालाच काही मोजावं लागत नव्हतं, ती वाचवायला आता खंडणीसारखे पैसे मोजावे लागले, अशी टीका तेव्हा झाली. माझ्या मते ‘खंडणी’ हा शब्द अतिरेकी आहे. खासगी जमिनीवरचा हक्क काढून घ्यायचा तर मोबदला द्यावाच लागतो. पण १९८५ च्या व्यवहारातून निघालेला नफा खासगी राहिला आणि चूक सुधारण्याचा खर्च सार्वजनिक झाला, हे नाकारता येत नाही. ‘कार्यक्षम’ म्हणून गाजलेल्या सौद्याचा हिशेब करताना ही ओळ कुणी मांडत नाही.

एवढा पैसा येऊनही कंपनी वाचली नाही. १९९८ मध्येच स्कोपॅक या उपकंपनीने दोन लाख एकर जंगल तारण ठेवून ८६ कोटी ७० लाख डॉलरचे नवे रोखे काढले होते. व्याज या वेळी सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पूर्वीपेक्षा बरंच खाली. पण आता जंगल पूर्वीचं नव्हतं. मोठ्या, गाभ्याच्या लाकडाची झाडं संपत आली होती, तरण्या झाडांच्या लाकडाला तो भाव नव्हता, आणि नव्या अटींमुळे तोडता येईल असं क्षेत्र आक्रसलं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की कराराच्या वेळी जेवढी तोड गृहीत धरली होती तेवढी राज्याची पाणी नियामक मंडळं करूच देत नाहीत. त्यात तथ्य होतं. मंडळांचं म्हणणं असं, की खालच्या नद्या आधीच गाळाने भरल्या आहेत. त्यातही तथ्य होतं.

जानेवारी २००७ मध्ये कंपनीने टेक्ससच्या कॉर्पस क्रिस्टी इथल्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. रोखेधारकांचं सुमारे ७४ कोटी डॉलर येणं होतं. न्यायालयाने तारण जंगलाची किंमत ठरवली ती ५१ कोटींहून जास्त नाही. म्हणजे बावीस वर्षं वित्ताच्या तर्काने चालवलेल्या जंगलाने शेवटी स्वतःचं कर्जही भागवलं नाही. मग त्या तर्काचं काय राहिलं?

जुलै २००८ मध्ये न्यायालयाच्या मंजुरीने जंगल आणि गिरणी मेंडोसिनो रेडवूड कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नव्या हम्बोल्ट रेडवूड कंपनीकडे गेली, आणि स्कोशिया गाव एका गुंतवणूक फंडाकडे. मेंडोसिनोमागे पैसा फिशर कुटुंबाचा, म्हणजे ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचा. तेही नफ्यासाठीच आले होते. फरक असा की त्यांचं भांडवल बरंचसं स्वतःचं होतं आणि वाट पाहू शकत होतं. त्यांनी प्राचीन झाडं तोडणार नाही असं जाहीर केलं, पारंपरिक सरसकट तोड थांबवून निवड तोडीकडे वळले, वर्षाची तोड वाढीपेक्षा कमी ठेवायचं धोरण घेतलं आणि जबाबदार वनव्यवस्थापनासाठी दिलं जाणारं एफएससी प्रमाणपत्र मिळवलं. थोडक्यात, १९३० च्या दशकात मर्फी जिथे होते त्याच्या जवळपास येऊन पोचले. मर्फींच्या हाताशी होती ती झाडं तेवढी उरली नव्हती.

नवे मालक संत नाहीत. सरसकट तोडीनंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर टॅनओक नावाचं रुंद पानांचं झाड दाटीने येतं आणि रेडवूडला वर येऊ देत नाही. ते हाताने काढायचं तर खर्च फार, म्हणून शेजारच्या मेंडोसिनो काउंटीत त्याच्या खोडात तणनाशक भरून ते उभ्याउभ्याच मारण्याची पद्धत या समूहाने चालवली. मेलेल्या, वाळलेल्या झाडांच्या रांगा आगीला आमंत्रण देतात या भीतीने तिथल्या मतदारांनी २०१६ मध्ये अशी मारून उभी ठेवलेली झाडं सार्वजनिक उपद्रव ठरवणारा ठराव मंजूर केला. रेडवूडचं वर्चस्व परत आणायला टॅनओक मारावा लागतो, हे कंपनीचं म्हणणं वनशास्त्राला सोडून नाही. पण ते किती वेगाने आणि कोणत्या साधनाने करायचं, हा निर्णय पुन्हा खर्चावरच घेतला जातो.

हम्बोल्टमध्ये एल्क नदीच्या काठी राहणाऱ्यांचा प्रश्न याहून हट्टी निघाला. तोडीच्या वर्षांत डोंगरावरून आलेला गाळ नदीच्या पात्रात बसला. पात्र उथळ झालं, आणि पूर्वी सहज वाहून जायचं तेवढ्या पावसालाही पाणी रस्त्यांवर आणि शेतांत शिरू लागलं. ज्या कंपनीच्या काळात हा गाळ आला ती आता अस्तित्वात नाही. जी कंपनी आज डोंगरावर आहे तिला या खोऱ्यात किती झाडं तोडता येतील हे पाणी नियामक मंडळाशी घासाघीस करून ठरवावं लागतं. आणि पात्रातला गाळ कुणी, कुणाच्या पैशाने उपसायचा, यावर बैठका होत राहतात.